जासईच्या ताटातली खाडी

मोरसाच्या भाजीत मीठ घालत नाहीत. भरतीचं पाणी शिवून परत जातं त्या चिखलात, खारफुटीच्या कडेने ही बारीक, मांसल पानांची झुडुपं वाढतात आणि मीठ पानातच साठवून येतात. पाला ओरपून काढायचा, धुवायचा, उकडायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि गार झाल्यावर मुठीत घट्ट पिळायचा. पिळून चव बघायची. जीभ खारटली तर पुन्हा पाण्यात. मग फोडणीला लसूण, मिरची, कांदा आणि जोडीला सोललेले वाल, नाहीतर मूठभर सोडे. उरण-पनवेलच्या खारपट्टीत ही भाजी विकत आणायची नव्हतीच. घरची बाई खाडीवर गेली की येताना ओच्यात घेऊन यायची.

उरण तालुक्यातलं जासई याच पट्टीतलं गाव. पनवेलहून उरणकडे जाताना लागतं. मागे टेकड्या, पुढे खाडीची सपाटी. महाराष्ट्राला ते ठाऊक आहे दिनकर बाळू पाटलांमुळे. १३ जानेवारी १९२६ रोजी जासईत जन्मलेले दि. बा. शेतकरी कामगार पक्षाचे आमदार झाले, खासदार झाले आणि नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याची लढाई त्यांनी उभी केली. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि पुढे नवघर-पागोटे भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यांची आठवण जासईत दरवर्षी जागवली जाते. विकसित जमिनीत साडेबारा टक्के वाटा देण्याचं धोरण त्या रक्तातून आलं, हे रायगडात शाळकरी पोरालाही माहीत असतं.

जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. तिची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हती. बाईने खाडीतून हाताने वेचून आणलेलं अन्न, जे तिच्या पोटात आणि तिच्या पोटातल्या बाळाच्या वाट्याला जात होतं, ते कुणाच्याच हिशेबात आलं नाही. त्याचं मोल किती होतं हे उमगायला पुण्याचं एक रुग्णालय, देशावरची सहा गावं आणि तीस वर्षांची मोजमापं लागली.

खारजमीन ही माणसाने समुद्राकडून घेतलेली जमीन. पूर्वी उरण-पनवेल हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे, पुढे तो कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात आला; पण इथली शेती कोणत्याही जिल्ह्याच्या कागदापेक्षा जुनी. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची. ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला तिची झडप मिटते. जूनचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो, मग मोड आलेलं भात चिखलात फेकायचं. एखाद्या उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली तर अख्खं गाव मातीची ढेकळं घेऊन धावतं, कारण एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं ते शेत भात देत नाही. बांध घालणाऱ्यांना शिलोत्रीसारखे हक्क आणि सवलती मिळत आल्या, त्यावरून भांडणंही झाली.

या मिठात तग धरणारं भात तांबड्या दाण्याचं. काळा राता, भुरा राता अशी त्याची नावं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती दिल्या, तरी जुन्या घरांत तांबड्या तांदळाच्या भाकरीच्या चवीची आठवण अजून काढली जाते. हा तांदूळ मुसळाने कांडलेला असे, त्यामुळे त्याचा कोंडा बराचसा दाण्यावरच राही. भात निघालं की उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. कडव्या वालाला पाणी द्यावं लागत नाही, थंडीच्या दवावर तो येतो.

आणि मासळी. पाग टाकायला पुरुष जात, पण चुलीवर रोज जे शिजे त्यातलं पुष्कळसं बायकांच्या हातचं असे. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून निवट्यांच्या बिळांत हात घालायचा. खडकाला चिकटलेली कालवं कोयत्याच्या टोकाने फोडून त्यातलं मांस वाटीत काढायचं. रेताड चिखलात बोटं फिरवून खुबे वेचायचे. चिंबोरीचे आकडे धरायची युक्ती मुली आईबरोबर जाऊन शिकत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे उलट्या प्रवाहाने शेतात चढत, तेव्हा तर टोपलीच लावायची. कोलीम आला की तो ओला खायचा आणि उरलेला अंगणात वाळवून जवळा म्हणून डब्यात भरायचा. त्यावर पावसाळा निघे.

हे सगळं म्हणजे सुखाचं नंदनवन होतं असं मात्र कुणी समजू नये. खारपट्टीतला आगरी शेतकरी बहुतेक कूळ होता. अर्धं भात सावकार-जमीनदाराच्या खळ्यावर जाई आणि वर निरनिराळ्या नावांनी मापं कापली जात. या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली चरीचा संप झाला. पंचवीस गावांनी सहा वर्षं शेतं पडीक ठेवली. मिठागरावर बायका डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत. पाणी लांबून आणायचं, लावणीला दिवसभर वाकायचं, रात्री कांडण. गरोदर बाईला यातलं काहीच चुकत नसे. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत बांधावर राबलेल्या बायका घराघरांत होत्या.

मग तिच्या खाण्याकडे कोण बघे? बघत होते, पण उशिरा. डोहाळे पुरवण्याची रीत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. पाचव्या किंवा सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं, तिला आवडेल ते रांधायचं. बाळंतपणानंतर तर स्वयंपाकघराचं सगळं लक्ष तिच्यावर: अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे लाडू, बाळंतशोपा, खारीक-खोबरं, किनाऱ्यावर दूध यावं म्हणून मुशीचं कालवण. दिवस राहिल्यापासूनच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत मात्र बहुतेक घरांत तिला वेगळं ताट नसे. ती सगळ्यांच्या मागून जेवे. वर ‘जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, अडेल’ असा धाकही असे. सुईणीच्या हातावर सगळं अवलंबून असलेल्या काळात ती भीती पोकळ नव्हती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचा आहार महिन्यागणिक सांगितला आहे आणि तो सुरू होतो पहिल्या महिन्यापासून. पहिल्यात साधं दूध, दुसऱ्यात औषधी घालून दूध, तिसऱ्यात मध-तुपासह, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप, असा तो क्रम चढत जातो. ग्रंथात पहिला महिना होता, रिवाजात सातवा उरला. दूध-तूप परवडणाऱ्यांसाठी ग्रंथ होता हे खरंच. पण काळजीचा आरंभ कुठून करायचा याबाबत तो रिवाजापेक्षा शहाणा होता.

आता पुण्याकडे.

१९८० च्या दशकात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत होते. इंग्लंडमधून ते जी पाठ्यपुस्तकं शिकून आले होते त्यांत मधुमेही म्हणजे पन्नाशी उलटलेला, लठ्ठ माणूस. त्यांच्या बाकावर बसलेला रुग्ण चाळिशीचा आणि हाडकुळा, फक्त पोट थोडं पुढे आलेलं. या कोड्याची एक बाजू पुढे त्यांनी स्वतःच्याच शरीरावर दाखवली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापून आलं. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

कोड्याची दुसरी बाजू इंग्लंडात सापडली. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांना हर्टफर्डशायर परगण्यातल्या सुईणींच्या जुन्या वह्या मिळाल्या. एथेल मार्गारेट बर्नसाइड या तिथल्या मुख्य आरोग्य निरीक्षक बाईंनी १९११ पासून प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन लिहून ठेवायची शिस्त लावली होती. ती बाळं आता साठीपुढची माणसं झाली होती. जन्मतः लहान असलेल्यांत हृदयविकार आणि मधुमेह जास्त निघाला. गर्भात उपाशी राहिलेलं शरीर काटकसर शिकतं आणि मग भरल्या ताटापुढे तीच काटकसर त्याच्या मुळावर येते, असा तर्क बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ साली मांडला. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे उपासमार झाली होती. त्या महिन्यांत गर्भात असलेल्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्याही रक्तातली साखर नीट आटोक्यात राहत नसल्याचं दिसलं.

पण हर्टफर्डशायरच्या वह्यांत आईने काय खाल्लं ते लिहिलेलं नव्हतं. ते शोधायला जिवंत आया हव्या होत्या, आणि त्या पुणे जिल्ह्यात भेटल्या.

केईएम रुग्णालयाला गावात जायची सवय होती. डॉ. बानू कोयाजींनी वढू बुद्रुकच्या आरोग्य प्रकल्पातून ती रुजवली होती. १९९३ साली, म्हणजे कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक, साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल आणि आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी एक अभ्यास सुरू केला. काम आरंभलं ते दिवस जायच्याही आधीपासून. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची मापं घेतली. कार्यकर्त्या दर महिन्याला दारोदार जाऊन पाळीची तारीख टिपत, म्हणजे गर्भ किती आठवड्यांचा हे नेमकं कळे. दिवस राहिले की अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला ताटातलं अन्न, रक्त, आणि दिवसभराचं काम, सगळ्याची नोंद.

या बायकांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि गरोदर होण्याआधीचं वजन सुमारे ४२ किलो. रोजच्या जेवणातून मिळणारी ऊर्जा १,८०० कॅलरींच्या आसपास, प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपास. कामाच्या नोंदीत विहिरीचं पाणी, धुणं, शेतातली खुरपणी. ज्या बायकांना हे काम सर्वांत जास्त पडलं त्यांची बाळं लहान होती. मिठागरावर पाट्या वाहिलेल्या बाईला यात नवल वाटलं नसतं.

पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. इथवर अपेक्षेप्रमाणे. नवल मापांच्या तपशिलात होतं. पुण्याच्या बाळाचं पोट फार लहान, दंड बारीक, म्हणजे यकृतासारखे अवयव आणि स्नायू दोन्ही कमी. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्यात धरून चरबीची जाडी मोजली तर ती जवळजवळ इंग्रज बाळाइतकी. इवलंसं बाळ, आणि त्यात चरबीचा वाटा मोठा. २००३ साली हा निष्कर्ष छापून आला. त्याच्या एक वर्ष आधी नाळेच्या रक्ताच्या तपासणीत पुण्याच्या बाळांत इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त आढळलं होतं. चाळिशीतल्या त्या हाडकुळ्या रुग्णाची गोष्ट पाळण्यातच सुरू झालेली होती.

आईच्या ताटातलं काय बाळाला लागू पडलं? एकूण कॅलरींचा आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. दिसला तो हिरव्या पालेभाज्यांचा, फळांचा आणि दुधाचा. ज्या बायका वारंवार पालेभाजी खात त्यांची बाळं मोठी होती, आणि सर्वांत हडकुळ्या आयांमध्ये हा फरक सर्वांत ठळक होता. शोभा रावांच्या चमूने २००१ साली हे मांडलं.

आणि मग रक्त तपासलं तेव्हा आणखी एक उणीव सापडली. जवळजवळ दोन-तृतीयांश बायकांच्या रक्तात जीवनसत्त्व बी-१२ कमी होतं. फोलेट मात्र जवळपास कुणाचंच कमी नव्हतं. फोलेट पालेभाज्या-डाळींतून मिळतं, शिवाय १९७० पासूनच्या सरकारी कार्यक्रमातून गरोदर बाईला लोहाबरोबर फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. बी-१२ वनस्पतीत नसतं. ते दुधात, अंड्यात, मांसात, मासळीत असतं, आणि शिंपल्यांच्या जातीत तर भरपूर. देशावरच्या कोरडवाहू गावांत दूध डेअरीला जातं आणि मटण सणावारी.

बाळं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली. ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. २००८ साली ‘डायबेटोलॉजिया’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. त्यामागचं शरीरातलं काम थोडक्यात असं: फोलेटचं एक रूप पुढच्या कामाला जाण्यासाठी बी-१२ ची वाट बघतं. ते नसलं की फोलेट मिटलेल्या उघाडीमागच्या पाण्यासारखं तुंबून राहतं. आहे पण शेताच्या उपयोगाचं नाही. हे दोन्ही मिळून गर्भाच्या पेशीतली कोणती जनुकं चालू ठेवायची, कोणती बंद, याच्या खुणा उमटवण्यात भाग घेतात, आणि त्या खुणा बऱ्याचशा पहिल्या आठवड्यांत पडतात. याचा अर्थ गोळी टाळावी असा अजिबात नाही. बाळाच्या मज्जारज्जूतले दोष फॉलिक ॲसिडने टळतात. अर्थ इतकाच की बी-१२ सोबत हवं.

ही मोजणी देशावरची आहे, खारपट्टीची नव्हे. तरीही ती वाचून कुणाही उरण-पनवेलकराचं लक्ष आपल्या आजीच्या टोपलीकडे जावं. मोरस, घोळ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातला टाकळा आणि कुर्डू: ही पालेभाजी. खुबे, कालवं, निवट्या, जवळा: हे बी-१२. सहा गावांतल्या बायकांच्या रक्तात जे उणं निघालं आणि जे खाल्ल्याने त्यांची बाळं भरली, नेमकं तेच खारपट्टीतली बाई पैसा न मोजता घरी आणत होती. तेही सातव्या महिन्याच्या सोहळ्याची वाट न बघता, लग्नाआधीपासून, बारा महिने. तिचे कष्ट बाळाला उणे करत होते, खाडी त्याला काही परत देत होती.

१७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर उभं राहिलं आणि २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. भराव पडले, कंटेनरांची गोदामं आली, रस्ते रुंदावले. जमीन घेतली गेली ती १८९४ च्या कायद्याने. त्या कायद्यात भरपाई होती जमिनीच्या बाजारभावाची, उभ्या पिकाची, झाडांची. चिखलाच्या पट्ट्याला बाजारभाव नसतो. निवटीच्या बिळाला तर नसतोच. जासईच्या लढ्यात बायका पुरुषांच्या बरोबरीने रस्त्यावर होत्या, पण त्यांच्या हातची खाडी मागणीपत्रात बसवायला कायद्यात जागाच नव्हती.

मच्छीमारांचा प्रश्न पुढे न्यायाधिकरणापुढे गेला. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातल्या चार कोळीवाड्यांतल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. त्यात जासईच्या शेजारचा गव्हाण कोळीवाडा आणि बेलपाडा कोळीवाडाही होता. भरती-ओहोटीचं पाणी आणि मासेमारीची जागा गेली हे तिथे मान्य झालं, ही मोठी गोष्ट. पण तोही हिशेब मासेमारीच्या धंद्याचा होता. घरच्या कालवणापुरतं वेचणारी शेतकऱ्याची बायको धंदा करत नव्हती, म्हणून ती याही यादीत नाही.

मोबदला आला, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, नोकऱ्या, ट्रेलर, भाड्याच्या खोल्या आल्या. एका पिढीत कामाचा घाम कमी झाला आणि ताट पांढरं झालं: पॉलिश केलेला तांदूळ, मैदा, साखर, तळण. जिथे भाकरीचे दोन घास कमी पडत त्या घरात आता फ्रीज भरलेला असतो, आणि यात चूक कुणाचीच नाही. उपाशी राहिलेल्या माणसाने पोटभर खाऊ नये असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? फक्त शरीराला हा वेग झेपत नाही. केईएममध्ये जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. सर्वांत वाईट स्थिती कुणाची? जन्मतः लहान होती आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी झाली, त्यांची. पुढे सहा गावांतली ती बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर होत्या. लठ्ठ म्हणावीत अशी ती मुलं नव्हती. बरीचशी तर काटकुळीच होती. जमीन विकून सुस्तावलेल्या पोरांना मधुमेह होतो, असं जे सर्रास बोललं जातं, ते म्हणूनच अन्यायाचं आहे. त्यांच्या आजाराची अर्धी कथा त्यांच्या जन्माआधीची असते.

पिढ्यांची ही गाठ किती घट्ट असते ते उंदरांवर दिसलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उंदरांचा एक वंश पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवला होता. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या उंदरांत इन्सुलिनचा बिघाड होता, बी-१२ कमी होतं, आणि दोन पिढ्या पोटभर चांगलं खाणं देऊनही बिघाड गेला नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र हातावर हात ठेवून बसायची गरज नाही, हे जासईच्या समोरच्या किनाऱ्यावर, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, तपासलं गेलं. २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना रोज एक खाऊ दिला. अर्ध्या जणींच्या खाऊत पालेभाजी, सुकामेवा आणि दुधाची भुकटी. बाकीच्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या कमी सत्त्वाच्या भाज्या. खाऊ सुरू झाला दिवस राहण्याआधी. एकूण सगळ्या जणी धरल्या तर बाळांच्या वजनात फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने तो खाल्ला होता त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. आणि गरोदरपणातला मधुमेह साध्या खाऊवाल्या गटात १२.४ टक्के होता, तो पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के निघाला. आईचा मधुमेह बाळाला पुढे मधुमेहाकडे ढकलतो. एका पालेभाजीच्या खाऊने तो इतका खाली यावा, ही थोडी गोष्ट नाही.

सहा गावांतल्या ज्या मुलींची जन्माआधीपासून नोंद होती, त्यांच्यातल्या काहींना २०१२ पासून दुसऱ्या एका चाचणीत बी-१२ ची छोटी रोजची मात्रा देण्यात आली. त्या पुढे आई झाल्या. ज्यांनी बी-१२ घेतलं होतं त्यांच्या मुलांची वाढ दोन वर्षांच्या वयात बौद्धिक चाचण्यांत सरस ठरल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालं. चरकाचा पहिला महिना आता आणखी मागे, मुलीच्या किशोरवयापर्यंत गेला आहे.

जासईच्या आसपास जमिनीची मोजणी अजून संपलेली नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई शेजारच्या चिर्ल्यापर्यंत आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी आणखी एक नवनगर जाहीर झालं आहे, त्यात सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यातल्या कितीतरी गावांत अजून खारबांध आहेत, उघाड्या आहेत आणि ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या बायका आहेत. २०१३ चा भूसंपादन कायदा १८९४ च्या कायद्यापेक्षा उदार आहे. पाण्यावर आणि जंगलावर जगणाऱ्या कुटुंबांनाही तो बाधित मानतो. पण अट अशी की ते कुटुंबाच्या उपजीविकेचं मुख्य साधन असायला हवं. घरच्या भांड्यात पडणारी मोरसाची मूठ आणि वाटीभर खुबे या अटीत बसत नाहीत. सामाजिक परिणामांची पाहणी करणाऱ्यांनी दाराशी आल्यावर कर्त्या पुरुषाला सातबारा मागण्याबरोबर घरातल्या बाईला विचारावं की आठवडाभरात खाडीतून काय काय आणलंस, किती आणलंस आणि ते कुणी खाल्लं. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात गरोदर बाईचं हिमोग्लोबिन तपासतात तसं बी-१२ ही तपासावं. नवनगराच्या नकाशावर भरावाची रेघ ओढण्याआधी या दोन नोंदी हाताशी असायला हव्यात.